डबड्याचं काय झालं

मास्क नाकावर असेपर्यंत यान चालतं; मास्क काढला की यान बंद. हा नियम आमच्या घरचा. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, की छातीतली शिट्टी थांबेपर्यंत रोज संध्याकाळी मशीनची वाफ द्या, औषध संपेपर्यंत मास्क काढू देऊ नका. सांगायला काय जातं?

माझ्या लेकीला, ठकीला, टीव्हीवरची अंतराळयानाची मालिका जीव की प्राण. पण बघताना घाबरून रडते, आणि रडली की धाप लागते. म्हणून दुपारी ती झोपली की आवाज बंद करून मीच भाग बघते आणि संध्याकाळी तिला यमकात सांगते. हल्ली भाजी चिरतानाही यमकं जुळतात. डोळे मात्र मिटायला टेकलेले असतात.

आज मी सुरू केलं,

“यान निघालं सुसाट वेगानं,
गाठलं वाटेत काळ्या मेघानं.
कप्तानबाई म्हणाल्या, ‘लावा दार!’
कडीच तुटली, झाला कारभार!”

ठकी मास्कमध्ये खुदकन हसली. बाजूनं वाफ निसटली. मी मास्क दाबून धरला. पुढे डबडं, म्हणजे यानातला स्वयंपाकी यंत्रमाणूस, तिचा सगळ्यात लाडका.

“डबडं धावलं टुणटुण करत,
बाहेरून दार लावलं परत.
मागच्या खिडकीतून मारली उडी,
म्हणालं, ‘कोणी मोडली कडी?’”

“आत आलं?” कपड्यांच्या घड्या घालणारी नणंद म्हणाली. “काहीतरीच काय वहिनी! ते तर बाहेरच राहिलं. मेलं की गं ते.”

आणि तिनं जीभ चावली.

ठकीनं मास्क ओढून काढला. “आई? आत्या म्हणते ते खरं?”

मशीन घरघरत राहिलं, औषध हवेत जात राहिलं. तिच्या गळ्याखालचा खड्डा आत ओढला जाऊ लागला.

“मला काय ठाऊक, तू पदरचं घालतेस ते,” नणंद पुटपुटली.

“हो, खरं आहे,” मी म्हणाले.

“मग खोटं का सांगितलंस?”

रात्र रात्र हिच्या पाठीला कान लावून बसते मी. दुपारी पडद्यावर डबड्याचा दिवा खिडकीबाहेर मंद होत गेला, तो मला यमकात बसवता येईना. पण हे पोरीला कसं सांगायचं?

“मी दमले होते गं,” मी म्हणाले. तेही खरंच होतं.

“त्याला धाप लागली होती?”

“नाही. डबड्याला श्वास लागतच नाही. म्हणून तर तेच गेलं. बाकीच्यांना श्वास घ्यायचा होता ना.”

तिनं स्वतःच मास्क नाकावर ठेवला. “आता नीट सांग. यमकात.”

“बाहेर राहिलं डबडं एकटं,
यानामधलं सगळ्यांत धाकटं.
दिवा त्याचा झाला बारीक...”

पुढचं सुचेना.

“म्हणालं, दार नीट लावा हं,” मास्कमधून घोगरा आवाज आला.

“जुळत नाही गं, ठकूबाई,” नणंद हळूच म्हणाली.

“असू दे.”

मशीन फुरफुरलं. औषध संपलं होतं. मी पाठीला कान लावला. शिट्टी होती, पण दुपारपेक्षा बारीक. मास्क काढायला गेले, तर ठकीनं माझा हात धरला.

“थांब. यान अजून चालू आहे.”

मी हात तसाच ठेवला. उठायचं त्राण नव्हतंच.