सुईणीचा शब्द

"तुझी जुळी बहीण कशी आहे गं?" असं कुणी विचारलं, की सिग्रुनचं उत्तर तोंडपाठ असायचं. "जुळी असली तरी वेगळ्या बीजाची. सुईणीने नाळेच्या दोन वेगळ्या वारा बघितल्या होत्या." फेरीबोटीवरच्या उपाहारगृहात ती तव्यावर जाड, गोड घावनं भाजायची, आणि एक उलथता उलथता हे वाक्यही टाकून मोकळी व्हायची. फ्योर्डच्या, त्या अरुंद खाडीच्या, दोन्ही काठांना या बहिणीचे, ऑडनीचे प्रताप ठाऊक होते. पुढे कुणी विचारायचं नाही.

आणि प्रताप तरी कसले! आज गळ्यात पडायचं, उद्या त्याच माणसाला लाखोली वाहायची. दंडांवर ब्लेडने स्वतःच ओढलेले वण. नवरा टिकला नाही, नोकरी टिकली नाही. सिग्रुनच्या मुलाच्या, एविंदच्या कन्फर्मेशनला, चर्चमधल्या दीक्षाविधीनंतर, सगळं गणगोत जेवायला बसलेलं असताना मावशीबाईंनी भरलं टेबल पालथं घातलं, तेही पाद्र्यासमोर. व्यक्तिमत्त्वाचा विकार, असं डॉक्टरांनी नाव दिलं. नावाने काय होतंय? सिग्रुनने त्या दिवशी बहिणीला दार लावलं ते लावलंच.

यंदा मात्र दोन गोष्टी एकदम आल्या. ऑडनीला मानसिक आजाराच्या इस्पितळातून सोडणार होते, आणि तिने निरोप धाडला, "तुझ्या घरातली खालची खोली रिकामी आहे ना? मी येऊ?" सिग्रुनने उत्तरच दिलं नाही. त्याच सुमारास एविंदची बायको गरोदर राहिली, आणि एका रविवारी जेवताना त्याने मान खाली घालून विचारलं, "आई, मावशीचं ते आपल्या रक्तात आहे का?"

"नाही रे बाबा. ती वेगळी."

"नक्की ना?"

हा 'नक्की' तिला टोचला. विद्यापीठाची माणसं तेव्हा जुळ्यांचा अभ्यास करत होती. माणसाच्या स्वभावात बीजाचं किती आणि वाढवण्याचं किती, हे त्यांना बघायचं होतं. ऑडनीने आधीच होकार दिला होता. सिग्रुननेही दिला. म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

त्यांच्यातल्या ब्रेकेबाई मुलाखतीला घरी आल्या. त्यांचा एक नियम होता. एकीची मुलाखत घेणाऱ्याने दुसरीचं तोंडही बघायचं नाही. "एकीला बघितलं, की दुसरीत तीच दिसायला लागते," त्या म्हणाल्या. शहाणी बाई आहे, सिग्रुनला वाटलं.

"लहानपणी लोकांचा तुमच्यात गोंधळ व्हायचा?"

"कधी होणार? ती पाचव्या वर्षीच घरातून गेली." वडील समुद्रात बुडाले, आईला दोघी झेपेनात. बाहेरच्या बेटावरच्या निपुत्रिक चुलत्याने एकीला मागितलं. "मी तापाने फणफणले होते. होडीतून आजारी पोर कोण नेतंय? म्हणून ऑडनी गेली." सिग्रुनने हे हवापाण्याची गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मग बाईंनी बीज तपासायला गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून नेला.

निकाल हवा असेल तर सांगू, असं त्या म्हणाल्या होत्या. सिग्रुन स्वतः बर्गेनला त्यांच्या कचेरीत गेली.

"तुम्ही दोघी एकाच बीजाच्या आहात," ब्रेकेबाई म्हणाल्या.

"अहो, वारा दोन होत्या."

"बीज लवकर दुभंगलं, तर एकाच बीजालाही दोन वारा येतात. तेव्हाच्या सुईणी काय, डॉक्टरही चुकायचे."

सिग्रुन खुर्चीत पुढे सरकली. "मग तिला झालं ते मला का नाही झालं?"

"बीज म्हणजे कल असतो हो, निकाल नव्हे. पुढचं आयुष्यावर असतं. तिकडे बेटावर तिच्या वाट्याला काय आलं, ते मला माहीत नाही."

सिग्रुनला माहीत होतं. चुलता ऑडनीला होडीच्या खोपटात कोंडायचा, हे सगळ्यांच्या कानावर होतं. नाताळ संपवून परत जाताना पोर दाराच्या चौकटीला बिलगायची आणि आई तिचं एकेक बोट सोडवायची. सिग्रुन हे बघत तिथेच उभी असायची. मोठी झाल्यावर तिने ते सगळं सुईणीच्या त्या एका वाक्याखाली दाबून टाकलं होतं.

ती तिथून तडक इस्पितळात गेली. ऑडनी कॉफी घेऊन खिडकीशी बसली होती.

"अगंबाई, राणीसाहेब! कुणी मेलं का?"

"आपण एकाच बीजाच्या आहोत. तपासलंय त्यांनी."

ऑडनी कॉफी ढवळत राहिली. "तुला आज कळलं होय?"

"तुला ठाऊक होतं?"

"आरसा आहे की माझ्याकडे. तू धड निघालीस. घर, मुलगा, सगळं. म्हटलं, म्हणजे मीही मुळात धडच होते. एवढ्यावर तग धरला बघ मी. आणि तू गावभर सांगत फिरायचीस, ती वेगळी म्हणून."

सिग्रुनला रडू आवरेना. इतकी लाज तिला जन्मात वाटली नव्हती. डोळे पुसत ती म्हणाली, "मी तुला न्यायला आलेय."

"टेबलं पालथी घालीन."

"घाल."

"एविंदला काय सांगशील?"

"रक्तात आहे म्हणून. माझ्याही. आणि पोराला कधी कुणाच्या दारी टाकू नका म्हणून." तिने नाक पुसलं. "ताप तुला आला असता, तर होडीत मी बसले असते, ऑडनी."

"बसली असतीस. आणि मी तुला दार लावलं असतं." ऑडनीने कप खाली ठेवला. "एकाच बीजाच्या ना आपण? चल, बॅग त्या कपाटात आहे."