दोन ओल्या चादरी

व्यवस्थापकांचं एक खूळ होतं. कोठाराचा प्रमुख निवडायचा, तर आधी निबंध. फळ्यावर एक वचन लिहायचं आणि उमेदवारानं ते स्वतःच्या अनुभवाला जोडून दाखवायचं. यंदाचं वचन होतं, 'संकटात माणसाची स्वतःशी पहिली भेट होते.'

कोठारात वीस वर्षं खिळे-स्क्रूंच्या नोंदी ठेवणाऱ्या कारकुनाला ही जागा हवीच होती, कारण पॅकिंगमधली त्याची बायकोही परीक्षेला बसली होती. बायकोच्या हाताखाली काम? घरी करत होताच, पण ते चार लोकांना माहीत नव्हतं.

पंचाईत अनुभवाची होती. उभ्या आयुष्यात संकट आलं ते एकदाच, स्वयंपाकघरातला पडदा पेटला तेव्हा. मग दिलं ठोकून! नोंदींची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे थापही तपशीलवार: चादरी दोन, ओल्या, एकीची किनार उसवलेली, चौथ्या फटक्याला आग विझली.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं.

"चादरी अगदी बरोबर लिहिल्यात हो," ते म्हणाले. "तुमच्या मंडळींच्या निबंधातही त्याच आहेत, उसवलेल्या किनारीसकट. फक्त त्या आगीपाशी तुम्ही नाही."

"मग मी कुठे आहे, साहेब?"

"शेवटच्या ओळीत. 'हे तेव्हा खाली फाटकापाशी होते.'"

कारकून दाराकडे वळला.

"बसा तिथे, पुन्हा लिहा," साहेब म्हणाले. "वचन तेच. अनुभव तुमचा."

बराच वेळ पेन चावून त्यानं लिहिलं: 'पडदा पेटताच मी तीन जिने उतरलो. फाटकापाशी पाहतो तर एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात शेजारीणबाईंची. बायको वरच होती. तिला हाक मारायचीही राहून गेली. वचनातली भेट मला तिथे घडली. गृहस्थ काही फारसा आवडला नाही. सात वर्षं त्याला टाळतोय.'

निबंधात तो पहिला आला. जागा मात्र बायकोला मिळाली.

"लिहिता झकास," साहेब म्हणाले, "पण कोठार पेटलं तर मला चादरवालीच लागेल."

पहिल्याच सकाळी नव्या प्रमुखबाई फेरीवर आल्या.

"अहो, आगीच्या बादल्या भरल्यात?"

"भरल्या, बाई."

त्यांची नजर खाली गेली. "आणि चपला?"

"दोन्ही माझ्याच."