उजवा पाय

"माझ्या डोळ्यांसमोर बोट नाचवू नकोस," पिप म्हणाली.

"माशी हाकलत होते गं."

"माशी नव्हतीस हाकलत. माशीमागे माझे डोळे नीट वळतात का, ते बघत होतीस."

जोसलिन ओशाळली आणि तिनं हात मांडीवर ठेवला. समुद्रकिनाऱ्यावर गाडीतून उतरायच्या आधीच शब्द मोडला होता. वाढदिवसाला काय हवं, असं विचारल्यावर धाकट्या बहिणीनं एकच मागणं मागितलं होतं. एक दिवस मला तपासायचं नाही. बहीण म्हणून ये, डॉक्टरीणबाईंना घरी ठेव. जोसलिन हसून हो म्हणाली होती. पण हे व्रत उपासापेक्षा कठीण निघालं.

सवय तरी किती जुनी. पोहायला शिकवणाऱ्या पिपला एका सकाळी तलावाचा पलीकडचा काठ धुरकट दिसू लागला, तेव्हा जोसलिन नुकतीच मेंदूविकाराची डॉक्टर झाली होती. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया बेटावर कुणाला नवं नाही. गल्लीत एखादं तरी घर असतंच. तरीही आपल्या घरात ते आलं, तेव्हा जोसलिननं दवाखाना सोडला आणि प्रयोगशाळा धरली.

तेव्हापासून ती मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत आली होती. मेंदूत साफसफाई करणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्याच पेटतात आणि नसांवरचं आवरण खातात. उठलेला भडका शमवणारी औषधं आता आली होती. पण जुन्या व्रणांच्या कडेनं राखेखाली निखारे धुमसतात, तसं काही वर्षानुवर्षं चालूच राहतं. ते कसं विझवायचं, हे तिला अजून सापडलं नव्हतं. पिपसाठी वेळेत सापडावं, एवढंच तिचं मागणं. ती कुणापुढे ते बोलून दाखवत नसे.

पिपचा डावा पाय कधीच लुळा पडला होता. उजवा मात्र अजून भार घेत होता. त्याच्या जोरावर ती पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीघरात एकटी जाई. तिचं स्वतंत्र घर त्या एका पायावर उभं होतं. तो थकला की शुश्रूषागृह, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"चल, उकाड्यानं माझी पार भाजी झालीय," पिप म्हणाली. फेब्रुवारीतलं, इथल्या भर उन्हाळ्याचं ऊन तिच्या अंगातली ताकद शोषून घेई. थंड पाण्यात ती थोडा वेळ परत येई.

जोसलिननं तिच्या कमरेला विळखा घातला. वाळू ओलांडून दोघी पाण्यात गेल्या. पाणी गुडघ्यांवर आलं, तशी पिपची पाठ सरळ झाली.

"सोड मला."

"पिप..."

"सोड म्हणते ना. पडले तर पाण्यातच पडेन, आणि पोहायला मी शिकवते, तू नाही."

जोसलिननं हात काढला. पिप उभी राहिली. वाऱ्यानं केस तोंडावर आले होते, ते मागे सारायलाही तिनं हात उचलला नाही. लहानपणी धक्क्यावरून उडी मारण्याआधी ती अशीच उभी राहायची. त्या मुलीला जोसलिन दरवेळी या पाण्यात शोधायला यायची.

"काय बघतेस?" पिपनं विचारलं.

"तुला."

"चालेल. असं चालेल."

परत आल्यावर पिप गाडीच्या उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसली. हातात शिंपल्यांची करी भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, ओठांवर पिवळा रस्सा. जोसलिन खाली गुडघे टेकून तिचे पाय पुसत होती.

"नखं केवढी वाढवलीयत. घार आहेस की काय?"

"कापायला बहीण लागते. डॉक्टर लोक नखं कापत नाहीत."

जोसलिन हसली. टॉवेलमधला तिचा अंगठा उजव्या तळव्याच्या कडेनं टाचेकडून वर सरकला. तपासायचं मनात नव्हतं; ओलं टिपायचं होतं. पायाचा अंगठा सावकाश वर उचलला गेला आणि बाकीची बोटं पंख्यासारखी फाकली.

निरोगी पायाचा अंगठा असा स्पर्श झाला की खाली वळतो. डावा कित्येक वर्षं वर जात होता. उजवा दरवेळी खाली वळायचा, आणि दरवेळी जोसलिन मनात कुणाला तरी हात जोडायची. आता मेंदूकडून या पायाकडे येणारी वाटही तुटू लागली होती.

तिनं पुन्हा करून बघितलं नाही. टॉवेल तसाच धरून ठेवला.

वर पिपचं चावणं थांबलं होतं. इतक्या वर्षांच्या तपासण्यांनी तिलाही बरंच समजत होतं.

"वाळू अडकलीय," जोसलिन खालमानेनं म्हणाली.

"मग काढ." थोड्या वेळानं पिप समुद्राकडे बघत म्हणाली, "बाकी जे काही असेल, ते उद्या सांग. आज नको."

"बरं."

जोसलिननं तो पाय मांडीवर घेतला आणि बोटांच्या बेचक्यांतून टॉवेलचं टोक फिरवत राहिली. वाळू केव्हाच निघून गेली होती.