रंगाखालच्या नऊ खुणा

मित्रांनो, जुनी आहे मी, पण म्हातारी म्हणाल तर याद राखा. मी आगबोटीची घंटा आहे. चांगली चार किलो भरते, आणि आवाज म्हणाल तर धुक्यात हरवलेल्या होडीला वाट दाखवेल असा. देवळातल्या घंटा मला ऐकून नाक मुरडत असतील. मुरडू देत. माणसं त्यांना वाजवतात ती आपलं मागणं सांगायला. मला वाजवायचे ते जीव वाचवायला.

माझा जन्म १९३८ सालचा. मुंबईच्या एका कारखान्यात पितळेचा रस साच्यात ओतला, तो निवला आणि मी झाले. पोटावर बोटीचं नाव आणि साल इंग्रजीत कोरलं. ती छोटी मालवाहू आगबोट होती. मीठ, कौलं, तंबाखू असलं काहीबाही घेऊन ती किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायची. बंदर आलं की मी वाजायचे आणि पोरं धक्क्यावर धावत यायची. काय सांगू तो रुबाब!

एकावन्न साली अंजनवेलजवळ वादळात आमची बोट खडकावर आपटली. खलाशी मला जिवाच्या आकांताने बडवत होते. माझा आवाज काशीराम नावाच्या मच्छीमाराने ऐकला. धाकट्या भावाला घेऊन त्याने मचवा त्या लाटांत घातला आणि दोन खेपांमध्ये बोटीवरची सगळी माणसं बाहेर काढली. किती माणसं? नऊ. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

तिसऱ्या दिवशी ओहोटीला कप्तानाने मला सोडवून आणलं आणि काशीरामच्या हातात दिलं. "माझ्याकडे द्यायला एवढंच उरलं," असं तो म्हणाला. मग त्या नऊ जणांनी खिळ्याने माझ्या तोंडाच्या आतल्या कडेवर एकेक खूण कोरली. कुणी चांद काढला, कुणी फुली मारली, कुणी नुसती आडवी रेघ ओढली. लिहिता बहुतेकांना येत नव्हतं, म्हणून कप्तानानेही खूणच काढली. दुखलं थोडं, पण असा दागिना कुणाच्या नशिबी असतो?

पुढच्या नारळी पौर्णिमेआधी मचव्याला नवा रंग दिला. आपल्याकडे रीत आहे, डब्यात उरलेला रंग वाया घालवायचा नाही. तो दाराला लावायचा, तुळशीच्या कट्ट्याला लावायचा. काशीरामची बायको गंगा म्हणाली, "खाऱ्या हवेत ही हिरवी पडेल," आणि तिने मलाही निळा रंग फासला. बाहेरून फासला, आतून फासला. तिने ते मायेनेच केलं, म्हणून राग धरता येत नाही. पण माझं नाव झाकलं गेलं आणि नऊ खुणाही झाकल्या. तेव्हा त्यांचा मुलगा दाजी सहा वर्षांचा होता. त्याने त्या खुणा कधी पाहिल्याच नाहीत.

दोन वर्षांनी काशीराम तापाने गेला. त्याचा भाऊ मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. गंगा मला आणि दाजीला घेऊन रत्नागिरीला माहेरी आली. नव्या बंदरावर ती आगबोट कुणी पाहिलेली नव्हती आणि काशीरामलाही कुणी ओळखत नव्हतं. राहिली होती फक्त गोष्ट, आणि ती सांगणारा एक दाजी.

आज सगळे दाजीला अहोजाहो करतात. मी त्याला लंगोटीत पाहिलंय, म्हणून मी अरेतुरेच करणार. दाजी मोठा झाला, तांडेल म्हणजे होडीवरचा प्रमुख झाला. मला पडवीत टांगून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "माझ्या बापसाने नऊ माणसं वाचवली." एकदा बंदरावर कुणीतरी हसून विचारलं, "एवढ्याशा मचव्यात नऊ?" दाजीचं डोकं फिरलं. म्हणाला, "नऊ नाय, अकरा." झालं! त्या दिवसापासून अकराच. पन्नास वर्षं तो अकरा म्हणत राहिला आणि मी वर टांगलेल्या टांगलेल्या कपाळावर हात मारून घेत राहिले. मला कपाळ नाही, ही गोष्ट वेगळी.

लोकही काही कमी नव्हते. बंदरावर कुणी थाप मारली की म्हणायचे, "ही तर दाजींची घंटा." दाजी हसण्यावारी न्यायचा. पण घरी आला की माझ्याकडे बघत बसायचा, तेव्हा मला फार वाईट वाटायचं. दरवर्षी माझ्यावर रंगाचा नवा थर चढत होता. निळा, हिरवा, पिवळा, पुन्हा निळा. शेवटी मी वाजले की 'टण्ण' नाही, 'थड' असा आवाज यायला लागला. घसा बसलेल्या गवयासारखी माझी गत झाली.

गेल्या वर्षी शाळेतून दाजीची नात शमिका घरी आली ती डोळे पुसतच. तिने पणजोबांची गोष्ट वर्गात सांगितली होती आणि पोरं हसली होती. दाजीने तिला जवळ घेतलं. मग म्हणाला, "माझं वय अठ्ठ्याहत्तर. एकदा तरी कुणीतरी म्हणावं, काशीराम खरा होता. मग मी जायला मोकळा." शमिकाला वर्तमानपत्रात एक बातमी सापडली. गावातल्या वाचनालयात जुन्या वस्तू ओळखून देण्याचं शिबिर होतं. संगमेश्वरच्या मृणालीताई येणार होत्या. त्या जुन्या वस्तू तपासायचंच काम करतात.

पण आदल्या दिवशी घात झाला. दाजीचा मुलगा रूपेश म्हणाला, "चार लोकांत न्यायची तर चकचकीत करून नेऊ." त्याने होडीचा रंग घासायचं मशीन माझ्या पोटावर लावलं. मित्रांनो, काय ती आग! एका बाजूचा रंग गेला, पितळ सोन्यासारखं चमकलं, आणि त्याच्याबरोबर बोटीचं नावही भुगा होऊन उडालं. दाजीने धावत येऊन मशीन बंद केलं तेव्हा सालाचे चार आकडे तेवढे उरले होते. रूपेशचं तोंड एवढंसं झालं. बिचारा त्या दिवशी जेवला नाही.

वाचनालयात ही गर्दी! शेजारच्या विनीतने पितळी होकायंत्र आणलं होतं. हा विनीत म्हणजे दाजीची सगळ्यात जास्त टिंगल करणारा. होकायंत्रावर लंडनचं नाव आणि दोनशे वर्षांपूर्वीचं साल होतं. मृणालीताईंनी ते उलटं केलं आणि एका स्क्रूवर बोट ठेवलं.
"या स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच आहे. एवढ्या जुन्या काळी असा स्क्रू नव्हताच. हे नवं आहे, जुनं दिसावं म्हणून काळं केलेलं."
विनीत गोरामोरा झाला. मी मनातल्या मनात खूश झाले, खोटं कशाला बोलू?

मग माझी पाळी. ताईंनी मला हातात तोलून बघितलं, बोटाने टिचकी मारली, टांगायच्या कडीवर अंगठा फिरवला.
"कडी फक्त वरच्या बाजूला झिजलीय. वर्षानुवर्षं टांगून हलत राहिली की अशीच झिजते. खोटी वस्तू सगळीकडून सारखी झिजवलेली असते. घंटा बोटीचीच आहे, सालही बरोबर आहे. पण ती तुमच्या घरी कशी आली, ते नावाशिवाय कसं कळणार?"
"वाचवलेल्या माणसांनी दिली," शमिका म्हणाली.
"अकरा," मागून विनीत म्हणाला आणि हशा पिकला.

ताईंनी माझं तोंड उजेडाकडे धरलं. आतल्या रंगावर कुठे कुठे बारीक चर दिसत होते. "इथे काहीतरी कोरलंय," त्या म्हणाल्या. त्यांनी कापसाला कसलंसं औषध लावून कडेवर ठेवलं आणि रंग मऊ व्हायची वाट बघत बसल्या. माझा जीव टांगणीला लागला. आता खुणा निघणार, नऊ निघणार, आणि अकरा सांगणारा दाजी भर सभेत तोंडघशी पडणार. त्याच्या पाठोपाठ काशीरामही खोटा ठरणार.

दोन खुणा दिसू लागल्या. एक चांद, एक फुली. ताई म्हणाल्या, "माणसांच्या सह्या असाव्यात. प्रत्येकाची वेगळी आहे."

दाजी काठी टेकत उभा राहिला.
"ताई, जरा थांबा. पुढचं काढण्याआधी मला सांगायचंय. त्या अकरा नसतील, नऊ असतील. माझा बापूस नऊच सांगायचा. लोक हसले म्हणून दोन मी वाढवले. खोटा असलो तर मी खोटा हाय. तो नाय."

शमिकाने आजोबांचा हात घट्ट धरला. ताई कापूस पुढे पुढे सरकवत राहिल्या. सत्तर वर्षांचा रंग काय झटपट निघतो? तासभर गेला, पण एकही माणूस हलला नाही. शेवटी ताईंनी मला टेबलावर उलटं ठेवलं आणि म्हणाल्या, "कुणीतरी येऊन मोजा."

विनीत पुढे आला. बोट लावून त्याने एकेक खूण मोजली. मग परत पहिल्यापासून मोजली. "नऊ," तो म्हणाला, आणि दाजीच्या पायांना हात लावायला वाकला.

ताई समजावून सांगू लागल्या, "सत्तर वर्षांच्या रंगाखालचा आकडा आजोबांनी रंग निघायच्या आधी सांगितला. वडिलांकडून कळल्याशिवाय तो त्यांना कळणार कसा? मी तसं लिहून देते." दाजीला पुढचं ऐकूच आलं नाही. तो लहान मुलासारखा रडत होता आणि रूपेश त्याची पाठ चोळत होता.

नाव शाबूत असतं तर मोल फार मोठं झालं असतं, असं ताई म्हणाल्या. तरीही संग्रहालयं मला मागतील म्हणे. "मागू देत," दाजी म्हणाला, "आधी बंदरावर मिरवून आणतो."

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माळ्यावर, पडवीत माझ्यासारखं कुणीतरी असेल. त्याला रंगवू नका, मशीन लावू नका, चकचकीत करायच्या भरीला पडू नका. आधी जाणकाराला दाखवा. त्याहीआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि ते काय सांगतंय ते वहीत उतरवून घ्या. गोष्टीत त्याने दोनचार माणसं वाढवली तर वाढवू द्या. फक्त एकदा प्रेमाने विचारा, "आजोबा, खरी किती?" ते सांगतील. पन्नास वर्षं दाजीला तेवढंच कुणी विचारलं नव्हतं.