अळंब्यांच्या पुठ्ठ्यातली दहावी प्रत

मी दहावी प्रत बोलतेय. जरा जवळ या, माझा आवाज माझ्या अक्षरांसारखाच पुसट आहे.

माझा जन्म ब्रनो शहरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात झाला. ब्लांका टाइपरायटरमध्ये दहा पातळ कागद आणि त्यांच्यामध्ये नऊ कार्बन एकदम सरकवायची, आवाज शेजारी जाऊ नये म्हणून यंत्राखाली पिसांची रजई घडी करून ठेवायची आणि कळा अशा ठोकायची, की तिची बोटं संध्याकाळपर्यंत ठणकत राहायची. पहिली प्रत ठसठशीत. पाचवी बरी. माझ्यापर्यंत पोचेपर्यंत अक्षरांचा नुसता वास उरायचा. पण शेंडेफळ असल्यामुळे मी घरातच राहिले. माझ्या नऊ बहिणी ओळखीतल्या लोकांच्या पिशव्यांतून कुठे कुठे गेल्या, त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

माझा लेखक तेव्हा एका इस्पितळाच्या तळघरात बॉयलरला कोळसा घालत होता. त्याची कादंबरी छापायला बंदी होती, आणि टाइप करून वाटणाऱ्याला तुरुंग. माझ्यात गोष्ट होती एका कारकुनाची. लोकांच्या पत्रांतले नको ते शब्द खोडायचं त्याचं काम. खोडता खोडता तो मनातलेही शब्द खोडायला लागतो. आधी त्याला स्वप्नं पडायची थांबतात. मग पकडून नेलेल्या सख्ख्या भावाचं नावही आठवेनासं होतं. आणि एकशेबाराव्या पानावर तो भाऊ दारात येऊन उभा राहतो.

नेमकं तेच पान टाइप करताना ब्लांकाने शेवटचा कार्बन उलटा घातला. त्यामुळे नवव्या प्रतीच्या पाठीवर उलटी अक्षरं उमटली आणि माझं एकशेबारावं पान कोरं राहिलं. "नंतर करते," ती म्हणाली. नंतर म्हणजे काय, ते तुम्हीही जाणता.

मला बांधलं तिच्या वडिलांनी. ओटाकरबाबा जन्मभर पुस्तकबांधणीच्या कारखान्यात राबलेले. निवृत्त होताना त्यांनी उरलेले दोन पुठ्ठे घरी आणले होते. एकावर ट्रॅक्टर, दुसऱ्यावर अळंब्या. बाबांनी मला अळंब्यांचा पुठ्ठा चढवला. तांबूस टोपीची गुबगुबीत अळंबी, खाली हिरवं शेवाळ. मी इतकी देखणी पुन्हा कधी झाले नाही. बाबांनी कौतुकाने मला दाराजवळच्या फळीवर, टोप्यांशेजारी ठेवलं. "आता कुणाच्या बापाला संशय येणार नाही."

संशय येणार नाही हे खरंच. पण आमच्या देशातला माणूस एक वेळ भाकरीकडे पाठ फिरवील, अळंब्यांच्या पुस्तकाकडे नाही. शरद ऋतू लागला की सगळा गाव टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने रानात जातो, आणि परत आल्यावर कुठली खायची, कुठली विषारी, यावर नवराबायकोची भांडणं होतात.

सप्टेंबरातल्या एका रविवारी दारावर थाप पडली. तळमजल्यावरची क्रुपकोवाबाई टोपली घेऊन उभी. ही आमच्या इमारतीची प्रमुख. कुणाकडे कोण येतं, कोण काय वाचतं, दर महिन्याला वरती लिहून कळवायचं तिचं काम. जिन्यात तिच्या सपाता वाजल्या की लोक हवापाण्यावर बोलायला लागत.

"ही हिरवट टोपीची बघा," ती म्हणाली. "आमचे हे म्हणतात, खायची आहे. मी म्हटलं, मग आधी तुम्ही खा."

बाबांनी पाहिलं. "फेकून द्या. अख्खं घर आडवं होईल."

"तरी खात्री केलेली बरी." आणि तिने हात लांबवून मला उचललं.

ब्लांका पुढे धावली. "ते... फार जुनं आहे हो."

"मग? अळंब्या काय नव्या निघाल्यात?"

मी तिच्या काखेतून खाली गेले. वर दार लागल्यावर काय झालं ते मला पुढे कळलं. ब्लांका बापाला म्हणाली, "ट्रॅक्टरचं पुस्तक शंभर वर्षं कुणी उघडलं नसतं, बाबा. आणि तुम्ही अळंब्या चिकटवल्यात." बाबांनी बटाट्यांच्या पोत्यात टाइपरायटर घातला आणि तो आपल्या भावाकडे पोचवला. अटक झालीच तर हाताशी असावं म्हणून ब्लांकाने पिशवीत लोकरीचे मोजे आणि दात घासायचा ब्रश भरून ती दाराशी ठेवली.

खाली क्रुपकोवाबाईने मला ओट्याशी उभ्याउभ्याच उघडलं. चित्रं दिसेनात. अर्धं पान वाचलं, फाडकन मिटलं आणि हात धुतले. मग पुन्हा उघडलं. दुपारी नवरा घोरायला लागल्यावर मला घेऊन कोठीच्या खोलीत गेली आणि जामच्या बरण्यांमध्ये बसून वाचत राहिली. रोज थोडं थोडं. पाचव्या दिवशी मी पाहिलं, तिचं बोट एका ओळीवर थांबलं होतं, आणि ती हळूच म्हणाली, "बोहुश."

बोहुश तिचा धाकटा भाऊ. रशियन रणगाडे शहरात शिरले त्या वर्षी सीमा ओलांडून व्हिएन्नाला गेलेला. तेव्हापासून सरकारी फॉर्मवर "भाऊ" या शब्दापुढे ती "नाही" असं लिहीत आली होती. नवऱ्यासमोरही नाव काढत नसे. दहा वर्षांनी ते नाव तिच्या तोंडून निघालं आणि ऐकायला होते मी आणि आलुबुखारच्या जामच्या बरण्या. मला त्या बाईची फार दया आली. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू.

तिने पान उलटलं. एकशेबारा. कोरं.

आठव्या दिवशी ती वर आली. एका हातात मी, दुसऱ्या हातात व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या अळंब्यांची बरणी.

"पुस्तक बरं आहे," ती म्हणाली. "फक्त एकशेबारावं पान कोरं आहे." आणि गेली.

आता झाली पंचाईत. पान टाइप करून द्यावं, तर तो आपल्या हातानं दिलेला पुरावा. न द्यावं, तर बाई चिडणार. आणि त्या बरणीत कुठल्या अळंब्या होत्या कोण जाणे. तीन दिवस बरणी टेबलावर तशीच होती. दोघं तिच्याभोवती जपून जेवत.

चौथ्या दिवशी बाबांनी झाकण उघडलं. "पकडून द्यायचं असतं, तर बाईनं एक आख्खी बरणी कशाला खर्ची घातली असती?"

"बाबा, नका."

"मी म्हातारा आहे. प्रयोगाला बरा." त्यांनी पावावर अळंब्या पसरल्या आणि खाल्ल्या. ब्लांका त्यांच्या समोर नाडी धरून बसून राहिली. सकाळी बाबा उठले आणि म्हणाले, "शहाजिरं कमी पडलंय. आणखी आहेत का?"

ब्लांकाने काकांकडून यंत्र आणवलं. लेखकाकडून मूळ हस्तलिखित मागवलं आणि त्यावरून एकच कागद, एकशेबारावं पान, ठसठशीत टाइप केलं. बरणी घासून कोरडी केली, पान गुंडाळून आत सोडलं आणि स्वतः खाली गेली.

"रिकामी परत देऊ नये म्हणतात," ती म्हणाली.

क्रुपकोवाबाईने काचेतून आत पाहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. "सोमवारपासून जिना धुवायची पाळी तुमची आहे," ती म्हणाली आणि दार लावलं.

पोलीस आले नाहीत. पुढच्या आठवड्यात मात्र बाई लिफाफा मागायला आली. "व्हिएन्नाला पोचेल असा," ती एवढंच म्हणाली. ब्लांकाने दाराजवळची पिशवी उचलली आणि मोजे कपाटात ठेवले.

अकरा वर्षांनी राजवट कोसळली. पुढे लोकांना आपापल्या फायली बघायला मिळाल्या. ब्लांकाही गेली. तिच्या फायलीत तळमजल्यावरून महिन्याच्या महिन्याला गेलेल्या अहवालांचा गठ्ठा होता, आणि त्या सप्टेंबरनंतरच्या प्रत्येकावर एकच वाक्य: "तिसरा मजला. अळंब्यांची आवड. आणखी काही नाही." ब्लांका त्या कचेरीत इतकी हसली, की शिपाई पाणी घेऊन आला. मग रडली.

आता माझी छापील भावंडं दुकानात मिळतात, काळ्याभोर अक्षरांची. मी अजून त्याच फळीवर आहे. अजूनही कुणी पाहुणा टोपली घेऊन मला उघडतो आणि वैतागून परत ठेवतो. माझी एकच विनंती आहे. मला काचेच्या पेटीत नेऊन ठेवू नका. खिडकीशी धरा, थोडी तिरकी करा, अजून वाचता येते मी.

रविवारी क्रुपकोवाबाई काठी टेकत वर येते. डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून ब्लांका मला मोठ्यानं वाचून दाखवते. कारकून दार उघडतो तिथे आली की ब्लांका थांबते, कारण माझं ते पान आजही कोरंच आहे, आणि छापील पुस्तक आणायला उठते.

"बस गं," म्हातारी म्हणते. "ते पान मला पाठ आहे." आणि डोळे मिटून म्हणायला लागते: कारकुनाला नाव आठवत नाही. दारातला भाऊ म्हणतो, नाव मी सांगतो, तू फक्त आत घे.