सगळं आंब्याचंच

वनिताताई बेहेरे गेली बावीस वर्षं आसपासच्या गावांतली कार्याची जेवणं करत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी यजमानांचे नाना तऱ्हेचे हट्ट पाहिले होते. पण रघूभाऊ ठोसरांसारखा माणूस काही त्यांना भेटला नव्हता.

"आमच्या केतकीच्या साखरपुड्याला सगळं आंब्याचंच करायचं," रघूभाऊ म्हणाले होते.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं. पानात आंबा नाही असं काही दिसता कामा नये."

"मीठ?" वनिताताईंनी विचारलं.

रघूभाऊंनी क्षणभर विचार केला. "मीठ राहू दे," ते उदारपणे म्हणाले.

त्याच वेळी काम नाकारायला हवं होतं. पण शैलावहिनी, म्हणजे रघूभाऊंची बायको, दाराआड हात जोडून उभ्या होत्या. यंदा अवकाळी पावसानं निम्म्या आंब्यावर डाग पडले होते. डागी आंबा पेटीत जात नाही. पडवीत, माळ्यावर, अगदी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत आंबेच आंबे पसरले होते, आणि ते गुरांपुढे टाकायचे म्हटलं की रघूभाऊ जेवणावरून उठून जात. वनिताताईंना ते दिसत होतं. त्यांनी हो म्हटलं आणि यादी करायला घेतली. पन्हं, आंबेडाळ, मेथांबा, कैरीभात, सांदण, आमरस-पुरी आणि पिकल्या आंब्याचं मोहरी लावलेलं सासव. साठ पानं.

"एक बटाट्याची भाजी ठेवू या," त्या म्हणाल्या. "जिभेला जरा उतारा हवा."

"बटाटा माझ्या बागेत होतो का?"

"तांदूळ तरी कुठे होतो?"

"वनूताई, तुम्ही वाद फार घालता," रघूभाऊ म्हणाले.

साखरपुड्याच्या दिवशी पहाटे साडेपाचला वनिताताई आणि त्यांच्या मदतीची नलू परसात चुलाणापाशी हजर झाल्या. वनिताताईंनी चारदा बजावलं होतं की चाळीस कैऱ्या लागतील, कडक, आंबट, त्याच दिवशी सकाळी काढलेल्या. शैलावहिनींनी टोपली आणून ठेवली. वनिताताईंनी वरची कैरी उचलली आणि अंगठ्यानं दाबली. अंगठा आत गेला. त्यांनी दुसरी उचलली. तिला मस्त गोड वास येत होता.

"वहिनी, ह्या कधी काढल्या?"

शैलावहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. रघूभाऊ दात घासत उभे होते. तोंडातला फेस थुंकून ते म्हणाले, "गेल्या आठवड्यात. म्हटलं आयत्या वेळी तुमची धावपळ नको. माळ्यावर पेंढ्यात नीट झाकून ठेवल्या होत्या."

"पेंढ्यात?"

"मग काय, उघड्या टाकू?"

"रघूभाऊ, तुमची चौथी पिढी आंब्यात. पेंढ्यात घातलेल्या कैरीचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगू?"

नलूनं त्यातली एक कैरी कापली. आत पिवळीधमक. ती ना डाळीला चालणार होती, ना पन्ह्याला. वनिताताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डाळ भिजून तयार, गूळ किसून तयार, आणि कैरीचा पत्ता नाही. मुलाकडची माणसं अकराला यायची होती.

"आंबे काढायचा झेला घ्या आणि चला," त्या म्हणाल्या.

"कोण? मी?"

"नाही, व्याही येतील ते काढतील!"

हापूसच्या कलमांवर आता होतं ते सगळं तयार फळ. कैरी उरली होती ती गोठ्यामागच्या जुन्या रायवळ झाडावर. त्याला उशिरानं, दोन-दोन बहर यायचे. रघूभाऊ नव्या बनियनवर त्या झाडाखाली उभे राहिले आणि झेल्याची काठी वर करून घामाघूम झाले. प्रत्येक कैरीमागे दोन-तीन पिकल्या बिटक्याही, म्हणजे लहान रायवळ आंबे, टपटप खाली पडत होत्या. वनिताताईंनी त्या पदरात गोळा केल्या.

"त्या कशाला? त्या राहू द्या पोरांना," खाली न बघताच रघूभाऊ म्हणाले.

"सासवाला."

"काय? पाहुण्यांना बिटक्या वाढायच्या? घरात हापूस पायलीनं पडलाय आणि—"

"हापूसचं सासव म्हणजे शिरा होतो. त्याला दोरा हवा, आंबटपणा हवा, कोय चोखता आली पाहिजे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोडा. तुम्ही ती उजवीकडची कैरी काढा."

त्यानंतर सकाळभर रघूभाऊंनी चुलाणापाशी येण्याचा सपाटा लावला. सांदणाच्या पिठात रस कमी वाटला, म्हणून त्यांनी वनिताताईंची पाठ वळताच पातेलंभर रस आणून ओतला. पीठ पळीवरून पाण्यासारखं वाहू लागलं. नलूनं धावत जाऊन तांदळाचा रवा आणला, तो भिजायला अर्धा तास गेला. मग त्यांनी मेथांब्यात थोडा गूळ "आपला अंदाजानं" टाकला. मग कैरीभातावर हापूसच्या फोडी मांडल्या तर दिसायला छान दिसेल, असं त्यांचं मत पडलं.

"नलू," वनिताताई शांतपणे म्हणाल्या, "ह्यांना धरून नेऊन फेटा बांधायला बसव. आणि फेटा बांधून झाला की दुसरा बांध."

सासव मात्र वनिताताईंनी कुणाच्या हाती दिलं नाही. बिटक्या सोलून पातेल्यात हातानं कुसकरल्या, कोयी तशाच ठेवल्या. ओलं खोबरं आणि सुकी मिरची बारीक वाटून घेतली, आणि मोहरी अगदी शेवटी घालून दोनच फेरे दिले. मोहरी जास्त वाटली गेली की सगळं कडू होतं. मग गूळ आणि मीठ. बोट लावून चाखलं तेव्हा मोहरीचा झणका नाकात गेला आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या.

देवगडकडचे लळीत बरोबर अकराला आले. ओटी, पेढे, अंगठ्या झाल्या आणि एकला पानं मांडली. रघूभाऊ दोन फेटे बांधल्यासारखे ताठ होऊन प्रत्येक पंगतीत सांगत होते, "सगळं घरच्या आंब्याचं बरं का!"

वनिताताई पुऱ्या तळत होत्या. तेवढ्यात मागच्या दारातून एक उंच, सोवळं नेसलेले गृहस्थ हळूच आत आले. मुलाचे वडील, मोरेश्वरपंत लळीत.

"बाई, रागावू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "आंबा नसलेलं काही आहे का हो?"

वनिताताईंच्या हातातला झारा तसाच राहिला.

"आमची आठशे कलमं आहेत," लळीत जवळजवळ गयावया करत म्हणाले. "चैत्रापासून घरात सकाळी आंबा, दुपारी रस, रात्री उरलेला रस. आता आंबा दिसला की जीभ आत पळते. जेवण उत्तम आहे, तुमचा काही दोष नाही. पण माणसाला कधी तरी नुसता भात हवासा वाटतो."

वनिताताईंनी त्या माणसाकडे पाहिलं, मग सांदणाच्या चळतीकडे. इतके दिवस केलेली घासाघीस, पहाटेचा झेला, रघूभाऊंचा गूळ, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. आता ओरडावं की रडावं, हेही त्यांना कळेना.

"आम्हा दोघींपुरतं कुळथाचं पिठलं आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि साधा भात."

लळीतांचा चेहरा असा उजळला की नलूला हसू आवरेना. ते मागच्या पडवीत उपड्या पेटीवर बसले. दोन मिनिटांत त्यांचा भाऊ वास काढत आला, मग मेहुणे आले. वनिताताईंनी आणखी पीठ कालवलं. रघूभाऊ व्याह्यांना शोधत मागे आले तेव्हा पाच माणसं पेट्यांवर बसून पिठलं-भात ओरपत होती.

"अहो, हे काय?" रघूभाऊ दारातच थबकले. "पिठलं? माझ्या घरी? केतकीच्या साखरपुड्याला?"

"मी म्हणत नव्हते?" मागून शैलावहिनी म्हणाल्या.

"तू कधी म्हणालीस?"

"मनात रोज म्हणत होते."

लळीत ओशाळून उठायला लागले. रघूभाऊंचा चेहरा पाहून वनिताताईंनाही वाईट वाटलं. हा माणूस वैताग आणतो खरा, पण त्यानं वर्षभर झाडांखाली उभं राहून जे मिळवलं तेच लेकीच्या पानात वाढलं होतं.

तेवढ्यात लळीतांची बायको हातात रिकामी वाटी घेऊन आली.

"हे कुणी केलंय?" तिनं विचारलं. "हे सासव?"

"मी," वनिताताई म्हणाल्या. आता आणखी काय ऐकायचं, म्हणून त्यांनी पदर खोचला.

"हा हापूस नाही."

"नाही. रायवळ. बिटकी."

ती बाई वाटीत बघत राहिली. "माझ्या सासूबाई करायच्या. आमच्या विहिरीवर झाड होतं. ह्यांनी तोडलं, तिथे हापूस लावायचा म्हणून." ती नवऱ्याकडे वळली. "घ्या, खाऊन बघा."

"अगं, आंबा—"

"खा म्हणते ना!"

वनिताताईंनी सासवाचं पातेलं पुढे केलं. लळीतांनी भातावर चमचाभर घेतलं. मग सावकाश एक कोय उचलून चोखली, आणि पानातलं पिठलं बाजूला सारून म्हणाले, "अजून थोडं वाढा."

बाकीच्या चौघांनीही पानं पुढे केली. पातेलं निपटलं. रघूभाऊ दारात उभे राहून ते पाहत होते आणि त्यांची छाती हळूहळू पुन्हा फुगत होती.

"त्या झाडाचं कलम बांधून देता का?" लळीतांनी विचारलं.

"देतो की! दोन देतो," रघूभाऊ म्हणाले. "मी वनूताईंना पहिल्यापासून सांगत होतो, सासवाला बिटकीच हवी म्हणून."

नलूनं वनिताताईंचा हात घट्ट धरून ठेवला.

पाहुणे गेल्यावर त्या दोघी जेवायला बसल्या. उरलं होतं ते कैरीभात आणि सांदणं. वनिताताई पहिला घास घेतात न घेतात तोच रघूभाऊ खुर्ची ओढून समोर बसले.

"वनूताई, लग्नाचं जेवणही तुमच्याकडेच. आणि सासव मुख्य. दोनशे पानं."

"लग्न कधी धरलंय?"

"मार्गशीर्षात."

वनिताताईंनी घास खाली ठेवला. "रघूभाऊ, मार्गशीर्षात त्या झाडावर काय असतं?"

रघूभाऊंनी बोटांवर महिने मोजले.

"मुंगळे," ते म्हणाले. "पण तुम्ही काही तरी कराल. तुम्ही वाद घालता, पण करता."

"नलू," वनिताताई उठत म्हणाल्या, "पिशवी उचल. आपण घरी जेवू."