भिंतीपासून चार फूट

पेणच्या खाडीपट्ट्यात धनेश म्हात्रेचं साऊंडचं काम सगळ्यांना माहीत होतं. वढाव असो की खाडीकाठचं दादर गाव, हळद लागली की मांडवाच्या तोंडाशी उभ्या केलेल्या काळ्या बॉक्सांवर त्याचंच नाव असायचं. बॉक्स सुरू झाले की आचाऱ्याच्या पातेल्यांवरची झाकणं थरथरायची, आणि ती थरथरली की यजमानाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटायचं. ऐन तारुण्यापासून धनेशने हेच केलं. मग कानात शिट्टी वाजायला लागली.

पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बंद खोलीत बसवून कान तपासले आणि कागदावरची रेघ दाखवली. रेघ बराच वेळ आडवी जात होती आणि मग बांधावरून पाय घसरावा तशी एकदम खाली आली होती. "बारीक, टोकदार आवाज तुम्हाला कमी ऐकू येतात," त्या म्हणाल्या. "गेलंय ते परत येत नाही. उरलंय ते सांभाळा." घरी येऊन त्याने बायकोला, अनिताला, एवढंच सांगितलं की कामावर कानात बोळे घालायला सांगितलेत.

त्याच सुमाराला रोह्याहून दिनानाथ सबनीसांचा फोन आला. सबनीस धाटावच्या एका कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्या नातीच्या बारशाला धनेशने माईक लावला होता, आणि हॉलमधले दोन उंच, पातळ, काळ्या जाळीचे स्पीकर बघत तो वायर गुंडाळायची विसरला होता. सबनीसांनी ते लक्षात ठेवलं होतं.

"आम्ही मुलाकडे पुण्याला चाललो," ते म्हणाले. "तिथल्या हॉलमध्ये सोफा ठेवला की जागा संपते. हे तुम्ही न्या. भंगारवाल्याच्या गाडीत चढताना मला नाही बघवणार."

धनेश टेम्पो घेऊन गेला. सबनीसांनी चहा होईपर्यंत एका स्पीकरची पुढची जाळी काढून ठेवली होती. आत नेहमीच्या बॉक्ससारखा कागदाचा शंकू, म्हणजे कोन, नव्हता. उभ्या चौकटीत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा ताणून बसवलेला, त्याच्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक रेघा वरून खाली, खालून वर गेलेल्या, मागे लोहचुंबकांच्या पट्ट्यांच्या रांगा, आणि चौकटीच्या खाली एक लाकडी डबा.

"तुमच्या बॉक्समध्ये कॉइल कोनाला मधोमध ढकलते," सबनीस म्हणाले. "इथे या रेघांतून करंट जातो आणि अख्खा पडदा एकदम हलतो. वजन नाहीच त्याला. म्हणून आवाज चटकन उठतो आणि चटकन थांबतो. थांबणं महत्त्वाचं."

"मग खालचा हा डबा कशाला, साहेब?"

"जाड आवाजाला हवा ढकलावी लागते. पडद्याला तेवढं हलता येत नाही. म्हणून डग्गा, ढोलकी या खालच्या साध्या कोनाकडे, आणि गळा, सतार, टाळ वरच्या पडद्याकडे. दोन वेगळ्या घरांची सोयरीक आहे ही. डब्याच्या पाठीवर बटण आहे, त्याने खालच्याचा आवाज कमीजास्त होतो. सगळा संसार त्या बटणावर." ते हसले. मग म्हणाले, "दोन गोष्टी लक्षात ठेवा. पडदा मागून उघडा आहे. जेवढा आवाज पुढे, तेवढाच मागे. भिंतीला चिकटवू नका. आणि लावून झालं की ज्याचा आवाज तुम्हाला पाठ आहे असं माणूस ऐका. गाजलेल्या गाण्यांनी काही कळत नाही. ती कशावरही बरी वाटतात."

पेणला घरी आणल्यावर धनेशने स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, भिंतीला लावून ठेवले. जागा तीच होती. पहिलंच गाणं लावलं आणि तो गोंधळला. आवाज स्वच्छ होता, पण गाणारी बाई विहिरीत उतरून गात असल्यासारखी वाटत होती. त्याने अ‍ॅम्प्लिफायर बदलून पाहिला, वायरी बदलल्या. शेवटी सबनीसांचं बोलणं आठवून त्याने दोन्ही स्पीकर भिंतीपासून चार फूट पुढे ओढले. हॉलचा निम्मा भाग त्यांच्या मागे गेला.

"आता माणसं बसायची कुठे?" अनिताने विचारलं.

"तू आधी इथं बस."

ती त्याने मांडलेल्या खुर्चीत बसली. त्याने गाणं लावलं आणि एक स्पीकर थोडा आत वळवला, मग दुसरा.

"ही बाई कुठं हाय?" तिने विचारलं.

"का?"

"मधी. तिथं तर काहीच ठेवलेलं नाय. तिथून येतोय आवाज." ती उठली, आवाज येत होता त्या रिकाम्या जागेकडे गेली आणि कडेने फिरून स्पीकरच्या बगलेत उभी राहिली. "इथं आलं की बसतो हो आवाज. आणि मागं गेलं की परत."

धनेशही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाणार आणि मागची सुटणार, आणि कडेला दोन्ही एकमेकांना खाणार. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. भिंतीशी असताना मागचा आवाज लगेच उलटून पुढच्यात मिसळत होता, तीच ती विहीर. आता तो मागे जाऊन, उशिरा आणि मवाळ होऊन परत येत होता. इतकी वर्षं त्याने आवाज लोकांच्या अंगावर सोडला होता. परत काय येतं, ते ऐकायला तो कधी थांबलाच नव्हता.

पण बारीक आवाजांचं त्याला कळेना. स्पीकर किती आत वळवायचे ते त्यांच्यावरच ठरत होतं. एका गाण्यात अनिता म्हणाली, "बांगड्या वाजतात हिच्या." त्याने तो तुकडा पुन्हा लावला, परत लावला. मग खाली बघत म्हणाला, "मला नाय येत ऐकू."

अनिताने खुर्ची सोडली नाही. "तू फिरव," ती म्हणाली. "मी सांगते." ती "अजून" म्हणाली की तो स्पीकर बोटभर वळवायचा, "बस" म्हणाली की जमिनीवर खडूने खूण करायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून केलेलं असं काम त्याला दुसरं आठवलं नाही.

राहिला पाठ असलेला आवाज. धनेशला पहिली आठवली ती चंद्रावती आत्या. बापाची बहीण, वढावला दिलेली. ती धवलारीण. खाडीपट्ट्यात लग्नातले विधी धवल्यांवर, म्हणजे विधीच्या गाण्यांवर चालतात, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. लहानपणापासून प्रत्येक हळदीत त्याने तिला बघितलं होतं. गाडी वढावच्या रस्त्याला लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, बघितलं होतं. ऐकलं कधी होतं?

आत्या ओसरीवर वाल सोलत होती. त्याने रेकॉर्डिंगसाठी माईक स्टँडवर लावला. ती म्हणाली, "लगीन कुणाचं हाय?"

"कुणाचं नाय, आते. मशीन तपासायचंय."

"मशिनीसाठी धवला?" ती हसली, पण गायली. वाल सोलता सोलता हळदीचा एक आख्खा धवला गायली.

घरी तो लावला तेव्हा अनिता लगेच म्हणाली, "ही आत्या नाय. हा कुणीतरी बाप्या गातोय." धनेशला तर आवाज भरदार वाटत होता. मग त्याने डब्याच्या पाठीवरचं बटण बघितलं. सवयीने त्याने ते पार वर नेऊन ठेवलं होतं. खाली आणलं, अजून खाली आणलं. एका जागी डबा वाजतोय हेच कळेनासं झालं आणि आत्याचा गळा, जरा पिचलेला, नाकातून निघणारा, समोर उभा राहिला. सोललेले वाल टोपलीत पडत होते तेही ऐकू आलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आत्या पेणला आली तेव्हा त्याने तिला घरी आणलं. ती खुर्चीत बसेना. "मी खालीच बरी," म्हणत पाय लांब करून जमिनीवर बसली. धवला सुरू झाला. थोडं ऐकून ती म्हणाली, "शेजारच्या घरात कोण गातंय काय?"

धनेश तिच्याजवळ खाली बसला. खरंच, इथे आवाज मळका होता. पडद्याची खालची कड आत्याच्या डोक्याच्याही वर होती, आणि पडदा वर-खाली फारसं काही सांडत नाही. तो समोरच फेकतो.

"आत्या, खुर्चीत बसा ना थोडं," अनिता म्हणाली.

"अनिता गो, खुर्चीत बसून मना गाणं कळत नाय."

धनेश मागच्या दारी गेला आणि स्टेज लावताना वापरायच्या लाकडी पाचरी घेऊन आला. स्पीकर मागून उचलून त्याने डब्यांखाली पाचरी सारल्या. दोन्ही स्पीकर समोरच्या माणसाचं ऐकायला वाकावेत तसे पुढे झुकले. ते कलंडू नयेत म्हणून मागून पट्टे आवळले. मग स्वतः आत्याच्या जागी बसून बघितलं, अनिताला बसवून बघितलं आणि धवला पहिल्यापासून लावला.

आत्या ऐकत होती. तिचे ओठ हलत होते. मध्येच तिचा हात वर झाला.

"थांब. परत लाव."

त्याने परत लावलं.

"मामा कुठं गेला?"

"कोण मामा?"

"हळद दळून झाली का मामा होडीतनं येतो. भाचीला साडी आणतो. चार कडवी हायत त्याची. ही बाई दळणावरनं सरळ न्हाणावर गेली." ती स्वतःला 'ही बाई' म्हणत होती. "मीच टाकली व्हय?"

आत्याने पदराने तोंड पुसलं.

"तुमचे बॉक्स लागायची घाई असते पोरांना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "उरक गो म्हातारे, म्हणतात. मी आवरतं घ्यायची. आज हे कडवं, उद्या ते. त्या दिवशी तर कुणी घाई करत नव्हतं, ओसरीवर एकटी बसून गायली, तरी मामा नाय आला. सवय लागली जिभेला."

"आता आठवतायत?" अनिताने विचारलं.

आत्याने डोळे मिटले. पहिलं कडवं आलं. दुसरं अडखळत आलं. तिसऱ्याला ती थांबली, मागे गेली, पुन्हा पहिल्यापासून आली, तेव्हा कुठे ते निघालं. चौथं आलं नाही. तिने दोनतीनदा प्रयत्न केला. शेवटी म्हणाली, "सासूने शिकवलेलं. ती असती तर विचारलं असतं." धनेशने माईक लावून ती तीन कडवी धरून ठेवली. चहा पिताना आत्या सारखी त्या झुकलेल्या स्पीकरांकडे बघत होती.

पावसाळा सरल्यावर धनेशच्या चुलतभावाच्या मुलीचं, दिशाचं लग्न ठरलं. धवले आत्याचे आणि साऊंड धनेशचा. हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला, पोरं बॉक्सांसमोर तयार उभी राहिली. आत्या पाटाजवळ बसली होती आणि सवयीने घाईघाईने सुरुवात करत होती.

धनेश माईक घेऊन उभा राहिला. लोकांना काय सांगावं ते त्याने ठरवलं नव्हतं. आत्याचं गाणं नीट ऐका म्हटलं असतं तर पोरांनी मान डोलावली असती आणि जागा सोडली असती. तो म्हणाला, "अ‍ॅम्प्लिफायर तापलाय. निवेपर्यंत बॉक्स लागणार नायत." मग बॉक्सची मेन वायर काढून त्याने एक लहानसा स्पीकर आत्यापासून जरा लांब ठेवला, माईक तिच्यासमोर धरला आणि आवाज इतकाच ठेवला की शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा.

पोरं कुरकुरली. काही मोबाईल घेऊन बांधावर गेली. मांडवात भांडी, लहान मुलं, कुणाचं खोकणं असं सगळं चालूच राहिलं. आत्याने एकदा धनेशकडे बघितलं. मग तिने गाण्याची चाल सैल केली. हळद दळली गेली. मामा होडीतून आला. दिशाचा खरा मामा हळदीचं ताट धरून उभा होता, त्याने बायकोकडे बघून विचारलं, "माजं नाव घेतलं काय?" आणि बायका हसल्या. चौथ्या कडव्याच्या जागी आत्या घटकाभर नुसती चाल गुणगुणली आणि पुढे न्हाणावर गेली. मागे बसलेल्या दोन म्हाताऱ्या तिच्याबरोबर गायला लागल्या होत्या. त्या कधी लागल्या, ते धनेशला कळलं नाही.

शेवटी आत्या उठली, गुडघे धरत त्याच्याजवळ आली.

"निवला काय तुजा अ‍ॅम्प्लिफायर?"

"निवला, आते."

"मग लाव. पोरं ताटकळलीत."

त्याने कानात बोळे घातले आणि बॉक्स लावले. त्या रात्री नेहमीसारखंच सगळं वाजलं. पण त्या हंगामात खाडीपट्ट्यात जिथे जिथे धवलारीण बसली, तिथे तिथे धनेश म्हात्रेचा अ‍ॅम्प्लिफायर तापला. लोकांना ते कळायला फार दिवस लागले नाहीत. जोह्याच्या एका लग्नात नवऱ्यामुलाची आजी हातात कुंकवाची वाटी घेऊन त्याच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "पोरा, आमचे धवले लांबलचक हायत. तुजं मशीन जरा जास्तच तापू दे."